यकृत आणि आपले ताट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



पानिपतात मराठी माणसाने अन्नाविषयी बोलावयाचे म्हटले की मन प्रथम इतिहासाकडे जाते. १७६० च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेबांची छावणी येथे अडकली, रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य रणात उतरले. त्याच भूमीवर मला आज अतिपोषणाच्या व्याधीविषयी बोलावयाचे आहे. यकृतात मेद साचणे ही ती व्याधी. दवाखान्यात तिला 'फॅटी लिव्हर' म्हणतात.

यकृत हे शरीराचे कोठार आहे. जेवणातून आलेली जादा साखर ते साठविते आणि कोठार भरले की उरलेल्या साखरेचा मेद करते. हा मेद यकृतात ५ टक्क्यांहून अधिक झाला की व्याधी समजावी. ती बहुधा दुखत नाही. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत उघडकीस येते. काहींच्या यकृतास मात्र पुढे सूज येते, ते कठीण होत जाते आणि शेवट सिऱ्होसिसमध्ये होतो. मद्याच्या थेंबासही न शिवलेल्यांना हे होऊ शकते. २०२१ साली केंद्र शासनाने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या व्याधीचा समावेश केला, तो उगाच नव्हे.

"पण मी कुठे लठ्ठ आहे?" असा प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु अंगातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२. सडपातळ देहावर विसंबू नये, एवढे यावरून घ्यावे.

आता आपल्या घराकडे वळू. परप्रांतात आलेला माणूस आपली खाद्यपद्धती सोडीत नाही आणि तेथलीही सोडीत नाही. दोन्ही ताटे एकावर एक रचतो. सकाळी पोहे, दुपारी लोणी घातलेले पराठे, सायंकाळी गोड चहा व बिस्किटे, रात्री वरणभात. उपवासास साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. हरियाणाच्या शेतकऱ्याचे दूधतूप आपण घेतले, त्याचा नांगर मात्र घेतला नाही. आपला दिवस खुर्चीत जातो.

एका समजुतीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण तीच फार अपाय करते. यकृताचा विकार म्हटला की आपणांस कावीळ आठवते आणि तुपातेलावर बंदी घालून उसाचा रस व ग्लुकोज सुरू होते. येथे ऊस मुबलक, हिवाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर चरक. पण साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याचा बहुतेक भार यकृतावरच पडतो. तेथे त्याचा मेद होतो. मेदयुक्त यकृताला उसाचा रस म्हणजे भरल्या कोठारात आणखी पोती. फळांचे गाळलेले रसही त्याच पंक्तीतले. फळ चावून खावे.

मग खावे काय? गावाहून ज्वारीचे पीठ आणण्याचा अट्टाहास नको. बाजरी येथलीच आहे. येथे ज्याला बथुआ म्हणतात तो आपला चाकवत. त्याची ताकातली भाजी करावी. मटकीची उसळ, पिठले, कोशिंबीर असावी, भात निम्मा करावा. तूप चमच्याने मोजावे, वाढपीणबाईंच्या प्रेमाने नव्हे! वजन ५ टक्के घटले तरी यकृतातील मेद उतरू लागतो. ७ ते १० टक्के घटल्यास सूजही ओसरू शकते. सत्तर किलोच्या गृहस्थाने पाच ते सात किलो, तेही काही महिन्यांत, सावकाश उतरवावेत. कडक उपासाने एकदम वजन उतरविणे अपायकारक ठरते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्यावाचून आहार बदलू नये, आणि मद्य सर्वांनीच वर्ज्य करावे.

भोजनानंतर मी सभागृहाच्या मागील खोलीत बसणार आहे. ज्यांच्याजवळ सोनोग्राफीचा अहवाल असेल त्यांनी तो अवश्य घेऊन यावे.