सेवा, सातत्य आणि रुग्णाची भाषा



वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग शहरात भरतात. रुग्ण मात्र बहुसंख्येने खेड्यातून येतो. हे अंतर कमी करण्याचा विचार नवा नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालातच समाजाभिमुख वैद्य घडविण्यावर भर दिला होता. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमातही कुटुंब दत्तक कार्यक्रमाचा समावेश आहे.

या कार्याची खरी कसोटी पांढुर्णा व सौसरसारख्या सीमावर्ती भागात लागते. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यांचा २०२३ मध्ये स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री व कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशात कचेरीचा कारभार हिंदीत चालतो, अनेक घरांत मराठी बोलली जाते, तर गोंड समाजाची स्वतःची गोंडी आहे. छिंदवाडा येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही आजार बळावला की अनेक कुटुंबे राज्याची सीमा ओलांडून नागपूरची वाट धरतात.

सिकलसेलचेच उदाहरण घ्यावे. मध्य भारतातील आदिवासी समाजात आढळणाऱ्या या आनुवंशिक विकारात लाल रक्तपेशींना विळ्यासारखा आकार येतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाली. रक्ततपासणी एका दिवसात होते, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. ही गोष्ट नीट समजली नाही, तर तपासणीचा कागद एखाद्या मुलीच्या विवाहाच्या आड येतो आणि पुढील वेळी वस्ती तपासणीस तयार होत नाही. म्हणून निष्कर्ष गुप्त राखणे, तो घरच्या भाषेत समजावणे आणि त्याच उंबरठ्यावर पुन्हा जाणे, हा उपचाराचाच भाग होय. एक दिवसाच्या शिबिरात औषध वाटता येते; विश्वास वाटता येत नाही.

परदेशातील सेवेलाही हाच नियम लागू पडतो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तेथील विद्यार्थ्यांना शिकविले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. त्यांची शस्त्रक्रिया जितकी मोलाची होती, तितकेच त्यांचे तेथील लोकांत मिसळून जाणे मोलाचे होते.

कोटणिसांना समुद्र ओलांडावा लागला. पांढुर्ण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढे दूर जावयाचे नाही. त्याने दुखण्याचे स्थानिक शब्द टिपावेत, आशा कार्यकर्तीला गुरुस्थानी मानावे, रुग्णाच्या कागदावर सीमेपलीकडील डॉक्टरलाही समजेल अशी स्पष्ट नोंद करावी आणि आपली तुकडी परतताना सोपविलेली कुटुंबे पुढील तुकडीच्या हाती नीट द्यावीत. विद्यार्थी बदलत राहतील. त्या घरांची विचारपूस मात्र खंडित होता कामा नये.