साखारोव यांचा वाटून घेतलेला वारसा



आंद्रेई साखारोव यांचे १४ डिसेंबर १९८९ रोजी मॉस्कोत निधन झाले. बर्लिनची भिंत कोसळून त्या वेळी पाचच आठवडे झाले होते. सोव्हिएत संघ आणि पाश्चात्त्य राष्ट्रे यांच्यातील वैराचे पर्व संपले, आता समंजसपणाचे युग येणार, असे सर्वत्र मानले जात होते. पुढे तेहतीस वर्षांच्या आत, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियन सैन्य युक्रेनमध्ये घुसले. आणि साखारोव यांच्या नावाने मॉस्कोत चालणारे केंद्र न्यायालयाच्या हुकमाने २०२३ मध्ये विसर्जित करण्यात आले. एवढ्या मोठ्या माणसाच्या शिकवणीची अशी वाताहत का झाली, हा प्रश्न केवळ रशियाच्या इतिहासाचा नाही. शांतता आणि स्वातंत्र्य या दोन्ही मूल्यांवर श्रद्धा ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्याचे उत्तर शोधावे लागेल. साखारोव यांचा वारसा अखंड होता, आणि दोन्ही बाजूंनी तो आपापल्या सोयीने वाटून घेतला, हे ते उत्तर आहे.

बॉम्ब आणि विवेक

साखारोव प्रथमपासून बंडखोर नव्हते. १९४८ मध्ये इगोर ताम यांच्या गटात ते दाखल झाले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी सोव्हिएत संघाने पहिला औष्णिक-आण्विक स्फोट घडविला, त्याच्या रचनेत त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब त्यांना तीनदा मिळाला. हे काम त्यांनी कोणाच्या धाकाने केले नाही. अमेरिकेच्या हाती बॉम्ब असताना दुसऱ्या बाजूच्याही हाती तो असल्याखेरीज जगाचा तोल राहणार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

या समजुतीला तडा गेला तो आकड्यांमुळे. वातावरणात केलेल्या चाचण्यांतून पसरणाऱ्या किरणोत्सर्गाचा त्यांनी १९५७-५८ मध्ये हिशेब मांडला. प्रत्येक मेगाटनामागे येत्या पिढ्यांतील सुमारे १० हजार माणसे बळी पडतील, असे उत्तर निघाले. हे बळी कोठे आणि केव्हा पडतील हे कोणालाच कळणार नव्हते, म्हणून त्यांची जबाबदारीही कोणी घेणार नव्हते. जुलै १९६१ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करू नयेत, अशी चिठ्ठी त्यांनी ख्रुश्चॉव्ह यांच्याकडे पाठविली. शास्त्रज्ञांनी राजकारणात लक्ष घालू नये, अशी भर मेजवानीत त्यांची कानउघाडणी झाली. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोव्हाया झेम्ल्या बेटावर सुमारे ५० मेगाटनांचा स्फोट झाला. बॉम्ब घडविणाऱ्याला बॉम्बविषयी बोलण्याचा अधिकार नाही, हे साखारोव यांना त्या काळात उमगले. मग सामान्य नागरिकाला तो कोठून असणार?

तरीही प्रयत्न व्यर्थ गेले नाहीत. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत झालेल्या कराराने वातावरणात, अंतराळात व पाण्याखाली चाचण्या करण्यास बंदी आली. या मर्यादित बंदीचा पुरस्कार साखारोव यांनी सरकारच्या आत राहून केला होता.

एकाच नाण्याच्या दोन बाजू

प्रगती, शांततामय सहजीवन आणि बौद्धिक स्वातंत्र्य यांविषयीचा त्यांचा निबंध १९६८ मध्ये हस्तलिखित प्रतींतून पसरला आणि जुलै महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो छापला. समाजवादी आणि भांडवलशाही व्यवस्थांनी एकमेकींचे चांगले गुण घेत जवळ यावे. तसे न झाल्यास अणुयुद्ध हा सामुदायिक आत्मघात ठरेल, असे त्यात प्रतिपादन होते. पुढच्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. साखारोव यांना गुप्त संशोधनाच्या कामावरून दूर करण्यात आले.

त्यांच्या विचाराचा गाभा असा : जे राज्य स्वतःच्या नागरिकांना जबाबदार नाही, त्याच्यावर शेजाऱ्यांनी विश्वास टाकणे धोक्याचे आहे. हा नुसता नीतिपाठ नव्हता. राज्ययंत्रणा कशी चालते याचे ते निदान होते. शस्त्रकपातीचा करार पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी माहिती उघड असावी लागते. सरकार युद्धाकडे निघाले तर त्याला अडविण्यासाठी वृत्तपत्रे, न्यायालये आणि संसद जागी असावी लागते. डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य धाडण्याचा निर्णय पॉलिटब्यूरोतील मूठभर माणसांनी बंद दाराआड घेतला. साखारोव यांनी त्याचा उघड निषेध केला. २२ जानेवारी १९८० रोजी त्यांना रस्त्यातच पकडून, कोणताही खटला न चालविता, परकीयांना बंदी असलेल्या गॉर्की शहरात स्थानबद्ध करण्यात आले. जवळजवळ सात वर्षे ते तेथे होते. त्यांनी उपोषणे केली. त्यांना बळजबरीने अन्न भरविण्यात आले.

त्यापूर्वी १९७५ मध्ये हेलसिंकी येथे ३५ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या होत्या. युद्धोत्तर सीमांना मान्यता मिळाली, याचा क्रेमलिनला आनंद होता. मानवी हक्कांची कलमे कागदावरच राहतील, असा त्याचा होरा होता. परंतु युरी ओर्लोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने मे १९७६ मध्ये मॉस्कोत एक गट स्थापून त्या कलमांचा जाब विचारण्यास आरंभ केला. साखारोव यांना १९७५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांना परदेशी जाऊ देण्यात आले नाही. ओस्लोमध्ये पत्नी येलेना बॉनर त्यांच्या वतीने उभ्या होत्या. ते स्वतः विल्नियस येथे सेर्गेई कोवाल्योव्ह या सहकाऱ्यावर चाललेल्या खटल्याच्या दाराशी होते.

पश्चिमेने घेतलेला हिस्सा

पाश्चात्त्य राष्ट्रांनी साखारोव यांचा जयजयकार केला. परंतु सोयीचे तेवढेच ऐकले. देशांतराचा हक्क नाकारणाऱ्या देशाला व्यापारी सवलती देऊ नयेत, या जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्तीला त्यांनी १९७३ मध्ये जाहीर पाठिंबा दिला होता. सोव्हिएत संघ मोडला, देशांतराची बंधने गेली. तरी ती तरतूद रशियाच्या बाबतीत २०१२ पर्यंत कायद्यात तशीच राहिली. हक्कासाठी घडविलेले साधन सौदेबाजीचे हत्यार कसे बनते, याचे हे उदाहरण होय.

याउलट, जेथे तत्त्वाची खरी कसोटी होती तेथे पश्चिमेने डोळे मिटले. डिसेंबर १९९४ मध्ये रशियन सैन्याने चेचन्यावर चाल केली. कोवाल्योव्ह ग्रोझनीत राहून तेथील संहार जगाला सांगत होते. ते युद्ध चालू असतानाच, फेब्रुवारी १९९६ मध्ये, मानवी हक्कांचे रक्षण करण्यासाठी असलेल्या युरोप परिषदेत रशियाला सदस्यत्व मिळाले. पुढे गॅसवाहिन्या आल्या, मोठमोठे सौदे झाले. व्यवस्थांनी जवळ यावे ही साखारोव यांची कल्पना कालबाह्य ठरवून १९९२ नंतर बाजारपेठेचे औषध एकाच घोटात पाजण्यात आले. सामान्य रशियनांची आयुष्यभराची बचत महागाईत विरघळली आणि लोकशाही हा शब्दच लक्षावधींना फसवणुकीचा समानार्थी वाटू लागला. नाटो १९९९ व २००४ मध्ये पूर्वेकडे विस्तारली. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या करारातून अमेरिका २००२ मध्ये बाहेर पडली. अंतराळातील कवचाची कल्पना फोल आणि धोक्याची आहे, हे साखारोव यांनी १९८७ मध्येच बजावले होते. त्यांचे हे म्हणणे पाश्चात्त्य गौरवग्रंथांत क्वचितच ठळकपणे येते.

येथे एक भेद स्पष्ट राहिला पाहिजे. पश्चिमेच्या चुकांची यादी कितीही लांबली, तरी तिच्यातून युक्रेनवरील आक्रमणाचे समर्थन निघत नाही. शेजाऱ्याच्या उद्धटपणामुळे दुसऱ्याच शेजाऱ्याचे घर पेटविण्याचा अधिकार मिळत नाही.

क्रेमलिनने घेतलेला हिस्सा

रशियन सत्तेनेही आपला वाटा उचलला. बॉम्बचे जनक साखारोव तिला हवे आहेत. नागरिक साखारोव नकोत. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२१ मध्ये, मॉस्कोतील एका रस्त्यावर भरणाऱ्या त्यांच्याविषयीच्या छायाचित्र-प्रदर्शनास नगरशासनाने परवानगी नाकारली. स्टालिनकालीन बळींची नोंद ठेवणाऱ्या आणि साखारोव ज्याच्या संस्थापकांत होते त्या ‘मेमोरियल’ला त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने विसर्जित केले. दोन महिन्यांनी युद्ध सुरू झाले. जानेवारी २०२३ मध्ये मॉस्कोचा हेलसिंकी गटही विसर्जित झाला. आधी साक्षीदारांची तोंडे बंद झाली आणि मग तोफा सुरू झाल्या : साखारोव यांच्या सिद्धान्ताला याहून दारुण पुरावा कोणता हवा? नोव्हेंबर २०२३ मध्ये अणुचाचणीबंदी कराराला दिलेली मान्यताही रशियाने मागे घेतली.

मृत्यूपूर्वी काही आठवडे साखारोव नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहीत होते. युरोप व आशियातील प्रजासत्ताकांचा स्वेच्छेने बनलेला संघ, आणि प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडण्याचा हक्क, ही त्याची पायाभूत कल्पना होती. म्हणजे युक्रेनच्या प्रश्नाचे उत्तर मॉस्कोत, एका रशियन देशभक्ताच्या टेबलावर, १९८९ मध्येच लिहिले गेले होते.

या प्रकरणात भारताचे वर्तनही तपासण्याजोगे आहे. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानविषयक आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनविषयक ठरावाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला. कोणत्याही गटाच्या दावणीला न बांधले जाणे ही अलिप्तता; आक्रमणाला आक्रमण न म्हणणे हा तिचा अर्थ कधीच नव्हता.

१६ डिसेंबर १९८६ रोजी गोर्बाचॉव्ह यांनी गॉर्कीत दूरध्वनी करून साखारोव यांना मॉस्कोला परतण्यास सांगितले. साखारोव यांनी आभार मानले आणि लगेच दुसरा विषय काढला : आठच दिवसांपूर्वी तुरुंगात मरण पावलेले त्यांचे मित्र अनातोली मार्चेन्को, आणि मतांपायी कोठडीत असलेले इतर सर्व. स्वतःच्या सुटकेच्या बदल्यात त्यांनी इतरांचा प्रश्न सोडला नाही. युक्रेनविषयी जो कोणता तह होईल, त्याच्या मेजावर सीमारेषा, निर्बंध आणि गॅसचे दर हे विषय येतीलच. युद्धाला विरोध केला म्हणून कैदेत टाकलेल्या रशियनांचा आणि बळजबरीने नेलेल्या युक्रेनियनांचा प्रश्नही त्याच मेजावर, तितक्याच अग्रक्रमाने आला पाहिजे. तो वगळून झालेला तह ही पुढच्या युद्धाची पूर्वतयारी असेल.