दारची कण्हेर



गुलाब-मोगऱ्यावर बोलणाऱ्या पुष्कळ मिळतील. मी कण्हेरीवर बोलणार आहे. आपल्या चाळीसगावात एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणीच पुरवून वापरावे लागते, तेथे फुलझाडाला कुठून घालणार? नेमक्या त्याच दिवसांत कण्हेर फुलते. तिचे पान चामड्यासारखे जाड. पानाच्या खालच्या बाजूस बारीक, लव असलेले खळगे असतात आणि श्वासरंध्रे त्यांत दडलेली असतात. म्हणून उन्हाच्या झळा लागल्या तरी ओल फारशी उडत नाही. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्यानंतर त्या जळालेल्या भूमीत ही कण्हेर फुलली, आणि पुढे त्या शहराने तिलाच आपले फूल ठरविले. महामार्गांच्या दुभाजकांत तिला लावतात तेही याच चिवटपणामुळे.

लावायला हेच पावसाळी दिवस चांगले. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि अर्धी काडी मातीत खोचावी. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, तेव्हा खड्ड्यात थोडी वाळू-मुरूम घाला. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदोनदा पाणी द्या. मग तिचे ती पाहते. जागा मात्र उन्हाची हवी. सावलीत नुसती पानेच वाढतात. फुले नव्या फुटव्यावर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटायला भिऊ नये. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो. पाण्याचा जोराचा फवारा मारला की बहुतेक जातो. पानांवर काळ्या शिंगांची अळी दिसली तर मात्र राहू द्या. तिचा चांदीसारखा चकाकणारा कोष पानाखाली लटकतो. मुलांना तो लांबून जरूर दाखवा.

लांबून म्हणते, कारण कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. वाळलेले पानही तितकेच वाईट. हे विष हृदयाचे ठोके बिघडवते. छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकू नका, शेळ्या-गाई तोंड लावतात. चुलीत घालू नका, धूरही बाधतो. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती मूळची अमेरिकेची, निराळ्या जातीची. पण विषाच्या बाबतीत सख्खी बहीण. तिच्या बिया घेऊन मुले खेळतात, तो खेळ आजच बंद करा. कुणी चावलेच तर घरगुती उपाय करीत बसू नये. उरलेले पान किंवा बी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

आता थोडे कडू बोलते. बालवाडीच्या कुंपणाला कण्हेर लावावी असे मागच्या सभेत ठरले. पाणी लागत नाही, जनावर खात नाही, फुले सुरेख, हे सारे खरे. पण तीन वर्षांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. तेथे मेंदीचे कुंपण करू या. तीही कमी पाण्यावर तगते, तिच्या फुलांना वासही गोड असतो, आणि नागपंचमीला पाने विकत आणायला नकोत! कण्हेर मंडळाच्या मागच्या, रस्त्याकडच्या भिंतीला लावू. ठराव बदलायचा असेल तर सभा संपण्यापूर्वीच बदलावा, अशी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे.

पांढऱ्या आणि गुलाबी कण्हेरीच्या काड्या मी ओल्या गोणपाटात गुंडाळून मागच्या ओट्यावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी रांगते मूल नाही त्यांनी न्याव्यात. हात धुवायला साबणही तेथेच आहे, चहा त्यानंतर.