वेळेवर पोचलेला पैसा

मालाडहून मार्वेच्या धक्क्यावर आलात की समोर मनोरी दिसते. मध्ये खाडी. होडी काही मिनिटांत पलीकडे नेऊन सोडते; होडी नको असेल तर भाईंदर, उत्तन असा भला मोठा वळसा. कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन लोकांचे हे जुने गाव. मुंबईच्या हद्दीत असले तरी त्याचे वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, समुद्रावर चालते. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची सरकारी बंदी. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, घरात येणारा पैसा थांबलेला. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा हातात चार पैसे खेळू लागतात.

आणि कॉलेजची फी कधी भरायची? जून-जुलैत.

ही साधी गोष्ट ध्यानात यायला मला एका विद्यार्थिनीचे वर्ष वाया जावे लागले. मुलगी मनोरीची, वडील मासेमारीला जाणारे. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली होती. दुसऱ्या वर्षाच्या फीला साडेतीन हजार रुपये कमी पडत होते. आमच्याकडे गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी होता, बँकेत शिल्लकही बरी होती, आणि त्या निधीचा चिटणीस मीच होतो. मी तिला छापील अर्ज दिला. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत, दोन शिफारशी. बिचारीने सगळे गोळा करून आणले. त्यात तीन आठवडे गेले. मग समितीची सभा. तिला पुरेसे सभासद आले नाहीत म्हणून ती पुढे ढकलली. पुढच्या सभेत अर्ज एकमताने मंजूर झाला. धनादेश तयार झाला तेव्हा ऑगस्ट उजाडला होता आणि प्रवेश बंद झाले होते.

ती धनादेश परत द्यायला स्वतः आली. मालाडला कापडाच्या दुकानात लागली होती. म्हणाली, "सर, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमच्या होड्या सुटल्या आता."

त्या मुलीच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला जरा बरे वाटले असते. आमचा एकही नियम वाईट नव्हता बरं का! दाखला मागणे योग्य, सभा घेणे योग्य, सह्या योग्य. पण सगळे योग्य मिळून जे झाले त्याला आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात.

खाडीचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्येही पूर्वी अशीच खाडी होती. लोक होडीने जात, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. पूल हवा हे सर्वांना पटत होते, पण कंपनी सरकार खर्चाला तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी पैसे दिले. आधी एक लाख दिले, काम वाढले तसे आणखी सत्तावन्न हजार दिले. अट एकच घातली, की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. गरज डोळ्यांसमोर, आणि निर्णय एका व्यक्तीच्या हाती.

लाखांची गोष्ट सोडा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. जातपात न पाहता मुले एका पंगतीला बसत. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव हिंडत, आणि इकडे कोठीतले धान्य संपे. लक्ष्मीबाईंनी अशा वेळी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेले. मला यातला त्याग तर दिसतोच, पण मास्तर म्हणून आणखी एक गोष्ट दिसते. मुलांना भूक लागली होती ती त्या संध्याकाळी, वर्गणी जमेल त्या दिवशी नव्हे. हे त्या माउलीला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

अलीकडचे उदाहरण आपणा सर्वांना आठवत असेल. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यात गेले, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायांच्या हाती त्यांनी पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश ठेवले. 'नाम' ही संस्था रीतसर उभी राहिली ती त्याच सप्टेंबरात, म्हणजे मदत आधी आणि संस्था मागाहून! पुढे त्या संस्थेने नाले-ओढ्यांतला गाळ काढण्याची मोठी कामे केली. पंधरा हजारांनी कर्ज फिटत नाही, अशी टीका तेव्हाही झाली. खरेच आहे, फिटत नाही. पण घरात माणूस गेल्यावर पहिल्या महिन्याचा किराणा आणि पोराची वह्या-पुस्तके कशी येतात, हे टीका करणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

आता आम्ही काय केले ते सांगतो. निधी मोडला नाही, त्यातला एक लहान हिस्सा वेगळा काढला. या हिश्श्यातून तीन हजारांपर्यंतची मदत कोणत्याही दोन शिक्षकांच्या सहीने, मागितल्यापासून दोन दिवसांत द्यायची. दाखला नाही, सभा नाही. पैसे शक्यतो मुलाच्या हाती न देता जिथे द्यायचे तिथे आम्हीच भरायचे. आणि दर महिन्याला, नावे न वाचता, पैन् पैचा हिशेब सर्वांसमोर वाचायचा. आपला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा हिशेब मागतो, तपासणी मागते. ती आम्ही देतोच. महिनाभर थांबा असे त्यात कुठे लिहिलेले नाही, ते आम्हीच आमच्या मनाने लिहिले होते.

दुसरा बदल जरा गमतीचा वाटेल. अर्जाची वाट पाहणे आम्ही सोडले. धक्क्यावर तिकीट देणाऱ्या माणसाला सांगून ठेवले, की रोजचे पोर चार दिवस दिसले नाही तर कळवा. कोण यायचे थांबले हे प्राचार्यांच्या आधी त्याला कळते! खेड्यांतल्या शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे एस. टी.चा कंडक्टर असेल, अंगणवाडीची बाई असेल, उधारीची वही ठेवणारा वाणी असेल. त्यांना विचारून पाहा.

आणि विचारल्यावर कळते की पुष्कळदा फी ही अडचण नसतेच. एकाला चष्मा हवा होता. फळ्यावरचे दिसेना म्हणून तो शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसे आणि आम्ही त्याला मठ्ठ समजत होतो. एकीला तीन महिन्यांचे होडीचे आणि बसचे भाडे हवे होते. एका मुलाला तर पैसाच नको होता; बापाच्या आजारपणात त्याला सकाळच्या तासांतून दुपारच्या तासांत बदली हवी होती. ती फुकटात झाली.

फसलो नाही का? फसलो की. दोनदा. एकदा पुस्तकांसाठी म्हणून घेतलेले पैसे भलतीकडेच गेले. समितीतले एक ज्येष्ठ सभासद अजून दर सभेत ते दोन प्रसंग काढतात. मी त्यांना वहीतल्या बाकीच्या नोंदी दाखवतो; ते चष्मा पुसतात आणि पुढचा विषय घेतात.

पैसा कुठून येतो हेही सांगायला हवे. प्रत्येक शिक्षक पगाराच्या दिवशी शंभर रुपये टाकतो. जुने विद्यार्थी फूल ना फुलाची पाकळी देतात. दरवर्षी भाद्रपदाच्या आसपास मालाडच्या एका कापडदुकानातून पाचशे रुपयांचे पाकीट येते, वर नाव नसते. अक्षर मी ओळखतो. पावती मी त्याच दिवशी पाठवतो.

या जूनच्या पहिल्या आठवड्यात वहीत पाच नोंदी झाल्या. त्यांतल्या तीन खाडीपलीकडच्या आहेत.