दोघांचे जेवण

आपल्या जामखेड-कर्जतच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पिकते. पतिपत्नींच्या प्रेमाच्या जेवणाला तिची भाकरी आणि पिठले पुरे. अडचण खर्चाची नाहीच. आम्ही पुरुष तव्यावरची गरम भाकरी खातो आणि ती भाजणारी मागाहून गार खाते, ही खरी अडचण. उपाय सोपा आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून एकाने ते कढत पाण्यात मळावे, दुसऱ्याने भाकऱ्या थापून भाजाव्यात. त्या फडक्यात गुंडाळल्या की मऊ राहतात. पिठले शेवटी करावे: वाटीभर डाळीच्या पिठाला तीन वाट्या पाणी. मग शेगडी बंद करून दोघांनी एकदमच पानावर बसावे. बरोबरीने जेवणे, हेच त्या जेवणातले पक्वान्न!