चारोळी, मोह आणि वणवा

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या मराठी घरांत पाडव्याच्या श्रीखंडावर पडणारी चारोळी बहुधा छत्तीसगडच्याच रानातली. त्याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, रानात मोह टपकू लागतो. पहाटे फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वारा सुटला की आग हाताबाहेर जाते. चारोळी देणारं चाराचं झाड, तेंदू, गुरांचा चारा, सालाची कोवळी रोपं, सगळं खाक. गावाची हक्काची रोकड जाते, आणि दोष मोह वेचणाऱ्या बाईला! झाडाखाली जाळी बांधली, तर पाला जाळावाच लागत नाही. ती जाळी तिला मिळायला हवी. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीची सूचना देतं. विझवायला मात्र हिरव्या फांद्या घेऊन गावकरीच धावतात. रानात पेटती विडी टाकू नका. धूर दिसताच वनरक्षकाला कळवा.