व्यायामाची गोडी कोठून येते?

(शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषणाचा मजकूर)



व्यायामाचे लाभ ठाऊक नाहीत असा मनुष्य आज शोधूनही सापडावयाचा नाही. चौथीतील मुलास विचारले तर तोही चटकन सांगतो की व्यायामाने शरीर बळकट होते, अन्न पचते व झोप चांगली लागते. उत्तर बिनचूक असते, आणि त्यास गुणही पुरे मिळतात. परंतु तो मुलगा, त्यास ते उत्तर शिकविणारे गुरुजी आणि त्याचे आईबाप यांपैकी नित्य व्यायाम करणारे किती, हे मोजू गेल्यास एका हाताची बोटेही पुरून उरतात. लाभ ठाऊक असूनही मनुष्य व्यायाम का टाळतो, आणि जे थोडे लोक तो वर्षानुवर्षे करतात ते कशाच्या बळावर करतात, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

ज्ञानाची बाजू मुळीच लंगडी नाही. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाड्या दुमजली असत. चालक दिवसभर आपल्या जागी बसून राही; वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढे व उतरे. दोघेही एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर काम करणारे. तरी वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. आणि प्रौढांनी मध्यम श्रमाची हालचाल आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे करावी. हे आकडे शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिता येतील, आणि लिहावेतही. तथापि भिंतीवरील तक्ता पहाटेच्या थंडीत कोणास अंथरुणातून उठवीत नाही. उठविते ते ज्याचे त्याचे स्वतःचे कारण.

हे कारण प्रत्येकाचे निराळे असते. लोकमान्य टिळक महाविद्यालयात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. त्यांनी तेथील पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीर कमावण्यात अधिक घालविले. मोठे काम हाती घ्यावयाचे तर देहाची साथ हवी, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच ओळखले होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १९०८ साली, त्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. तेथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१४ साली ते परत येऊन पुन्हा कामास लागले. तरुणपणी कमावलेले शरीर कशासाठी होते, हे त्या सहा वर्षांनी दाखविले.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे कारण दुसरे. त्यांनी प्रारंभी सँडो या विख्यात मल्लाच्या साधनांनी कित्येक वर्षे व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. ज्याचा गुण स्वतःच्या शरीरावर पाहिला, त्याचाच त्यांनी आपल्या घरात व संस्थानातील शाळांत प्रसार केला. तिसरे उदाहरण कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांचे. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. त्यांचे वडील स्वतः पहिलवान होते. खाशाबांस जोर-बैठकांची ओळख पुस्तकातून झाली नाही. ती घरातच, चालणे-बोलणे शिकावे तशी झाली.

एकाचे कारण हाती घ्यावयाचे कार्य, दुसऱ्याचे स्वतःचा अनुभव, तिसऱ्याचे घरचे वळण. लाभांची यादी वाचून यांपैकी कोणीही आखाड्यात उतरला नव्हता.

ही झाली थोरांची उदाहरणे. सामान्य माणसाचे कारण कसे असते, हे एका शिक्षिकेच्या अनुभवावरून ध्यानी येईल. या बाईंची शाळा फाट्यापासून दोन किलोमीटर आत. एस.टी.तून उतरल्यावर कोणाच्या तरी दुचाकीवर बसून त्या शाळेत जात. वयाच्या पंचेचाळिशीत रक्तातील साखर वाढल्याचे निघाले. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले. भीतीने त्या चालू लागल्या. महिन्याभरात साखर थोडी उतरली, त्याबरोबर भीतीही उतरली आणि चालणे बंद पडले. पुढच्या तपासणीत साखर पुन्हा वर! पुन्हा चालणे सुरू झाले. परंतु या वेळी एक निराळी गोष्ट घडली. वाटेवरील वस्तीतल्या दोन मुली, बाई चालत येतात हे पाहून, त्यांच्या सोबतीस येऊ लागल्या. दोनांच्या पाच झाल्या. वाटेत पाढे होत, गाणी होत, कधी पुढच्या बाभळीपर्यंत शर्यत होई. एके दिवशी पाय जड वाटून बाईंनी दुचाकी थांबविली. पण पाचही मुली दप्तरे पाठीस लावून पुढे वाट पाहत उभ्या असतील हे आठवताच त्यांनी ती परत पाठविली. आज त्यांस साखरेची आठवण क्वचितच होते. सुटीच्या दिवशी मात्र चालल्यावाचून चुकल्यासारखे वाटते.

या लहानशा हकिकतीत मोठा बोध आहे. भीती माणसास व्यायामाच्या दारापर्यंत आणते, परंतु आत बसवून ठेवीत नाही. पहिले काही आठवडे गेले म्हणजे दम कमी लागतो, झोप गाढ येते, अंग हलके वाटते; मग शरीर स्वतःच मागणी करू लागते. त्यात कोणाची सोबत मिळाली म्हणजे सवय पक्की होते. तिला काळ मात्र द्यावा लागतो. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ व्यक्तींच्या नव्या सवयींचा केलेला एक अभ्यास २०१० साली छापला गेला. एखादी कृती अंगवळणी पडण्यास कोणास १८ दिवस पुरतील, तर कोणास २५४ दिवसही लागतील, असे त्यात दिसून आले. मध्यक ६६ दिवसांचा होता. एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय मोडत नाही, हेही त्यांस आढळले. म्हणून आठ दिवसांत कंटाळलेल्यास आळशी ठरविणे हा अन्याय आहे.

आता शाळेकडे वळू. मुलाच्या मनात व्यायामाचे स्वतःचे कारण उगवावे यासाठी शाळा काय करते? कित्येक ठिकाणी नेमके उलट घडते. गृहपाठ राहिला, काढा वीस उठाबशा. उशीर झाला, मारा मैदानास पाच फेऱ्या. ज्या मुलास व्यायाम शिक्षा म्हणून भेटला, तो मोठेपणी त्यास मित्र कसा मानील? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केलेलीच आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी व्यायामाची बदनामी शिक्षकाच्या हातून होऊ नये, एवढे कारणही पुरेसे आहे.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. सामन्यांचे दिवस आले की चपळ मुले निवडली जातात आणि उरलेली कडेला बसून त्यांची दप्तरे राखतात. मुली तर पुष्कळदा त्या कडेसच असतात. वास्तविक मैदानाची खरी गरज त्या कडेला बसलेल्या मुलांनाच असते. पदक आणणारा मुलगा शिक्षकावाचूनही खेळेल. स्थूल, दुबळा, लाजाळू मुलगा शिक्षकाने बोलाविल्यावाचून उठणार नाही.

यासाठी लागणारे उपाय साधे आहेत. शारीरिक शिक्षणाचा तास गणितास किंवा परीक्षेच्या तयारीस उसना देऊ नये. मुलाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच कालच्या दिवसाशी करावी. काल दोरीवरच्या दहा उड्या झाल्या, आज बारा झाल्या, हे त्याने स्वतःच वहीत टिपून ठेवावे. निवडीस वाव असावा: कोणास लेझीम रुचेल, कोणास खोखो, कोणास नमस्कार, तर कोणास नुसते धावणे. द्विशिक्षकी शाळेत साहित्य नसले तरी लंगडी, आट्यापाट्या व हुतुतू यांस मोकळ्या जागेपलीकडे फारसे काही लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकाने शिट्टी तोंडात धरून कडेस उभे न राहता मुलांत उतरावे. गुरुजींस दम लागतो, ते हसतात आणि उद्या पुन्हा येतात, हे मुलांनी पाहावे. शंभर सुविचारांनी जे साधत नाही ते या एका दर्शनाने साधते.

व्यायामाचे कारण कोणास देता येत नाही. ते ज्याचे त्याला सापडावे लागते. मुलास ते सापडेल अशी जागा, वेळ व सोबत देणे एवढेच शिक्षकाच्या हाती आहे. परंतु तेही थोडे नव्हे. पन्नास वर्षांनंतर एखादा म्हातारा पहाटे उठून चालावयास निघेल, आणि का, असे कोणी पुसल्यास त्यास लाभांची यादी आठवणार नाही. त्यास शाळेचे मैदान आठवेल, आणि त्याच्याबरोबर धावणारे गुरुजी.